जिभेवरची बेटं

१

दवाखाना उघडण्याआधी बाबांचं तोंड साफ करायला जायचं, हा त्या वर्षी माझा रोजचा नेम होता. मी दातांची डॉक्टर आणि आईबाबांचं घर दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत. अर्धांगाच्या झटक्यात बाबांची उजवी बाजू गेली होती, आणि वाचाही. गिळता येत होतं, पण घास मऊ असेल तरच. अशा माणसाच्या तोंडाकडे कुणी बघितलं नाही तर घाण छातीत उतरते आणि माणूस त्यानेच जातो. म्हणून मी बोटाला गॉझची जाळीदार पट्टी गुंडाळायचे, दुसऱ्या हातात टॉर्च धरायचे, आणि गाल, हिरड्या, टाळू असं करत करत शेवटी जिभेवर यायचे.

ती जीभ मला पाठ होती. मधोमध खोल भेग आणि तिला दोन्ही बाजूंना फुटलेले फाटे, वाळलेल्या पानाच्या शिरा दिसतात तसे. मागच्या भागावर सिगारेट आणि चहाने चढवलेला काळा थर. आमच्या पुस्तकांत तिला काळी केसाळ जीभ म्हणतात. केस नसतात, जिभेवरचे बारीक अंकुर लांबतात आणि काळे पडतात, इतकंच. दिसायला ओंगळ, बाकी निरुपद्रवी. डाव्या कडेला एक खाच होती. बाबांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. कुणा शिकाऊ माणसाने भर चौकात करकचून ब्रेक दाबला, तेव्हा बाबा त्याच्यावर ओरडत होते. जीभ दातांत सापडली, टाके पडले. त्यानंतर काही दिवस त्यांना बोलता येत नव्हतं. मी शाळेत होते, आणि त्या दिवसांत आई स्वयंपाकघरात गुणगुणायची, एवढं मला पक्कं आठवतं.

अर्ध्या शहराला बाबांनी गाडी शिकवली होती. त्यांची वाक्यं लोक अजून एकमेकांना ऐकवतात आणि हसतात. पाय आहे की वीट? डोळे उसने आणलेत का? आरसा काय भांग पाडायला दिलाय? गाडीत ते विनोद होते, कारण शिकवणी संपली की उतरून घरी जाता यायचं. आम्ही घरीच होतो.

एका सकाळी थर पुसून काढला तर जिभेच्या टोकाशी एक गुळगुळीत लाल चट्टा दिसला. नखाएवढा, भोवती पांढरी नागमोडी कड. ओळखायला मला पुस्तक लागलं नसतं. याला नकाशाची जीभ म्हणतात. असे चट्टे येतात, जातात, आपली जागा बदलतात. संसर्ग नाही, औषध नाही, काळजीचं कारण नाही. आईची जीभ जन्मापासून तशी. लहानपणी ती मला मांडीवर घेऊन जीभ बाहेर काढायची आणि मी बेटं शोधायचे. कालचं मोठं बेट आज कुठे सरकलं, नवीन कुठे उगवलं. बाबांची चाहूल लागली की आई जीभ आत घ्यायची.

स्वयंपाकघरात जाऊन मी आईला म्हटलं की बाबांच्याही जिभेवर आता बेट आलंय. मला वाटलं हसेल. ती भांडी विसळत होती. नळ चालूच होता. तिने ओल्या हाताची पाठ ओठांवर दाबून धरली आणि नुसतं "हो का," म्हणाली.

२

त्यानंतरच्या आठवड्यात आईची तक्रार सुरू झाली. काहीही खाल्लं तरी कडू लागतं. पाणीसुद्धा. जीभ तोंडात मावत नाही असं वाटतं, जड झालीये, दुसऱ्या कुणाचे बूट पायात घातल्यासारखी, असं ती म्हणाली. मला त्या उपमेचं कौतुक वाटलं. आई असं बोलायची नाही.

मी तिला खिडकीशी बसवून तोंड उघडायला लावलं. तिच्या जिभेवर एकही बेट नव्हतं. सगळी जीभ सारखी, फिकट, आणि मधोमध एक रेघ. केसासारखी बारीक. वय झालं की जीभ भेगाळते, हे मी दिवसातून किती पेशंटना सांगत असेन. नकाशाची जीभ कधी कधी आपोआप बरी होते, हेही खरं. मी आईला म्हटलं, बघ, म्हातारपणी का होईना, बरी झालीस. ती बरी झाल्यासारखी दिसत नव्हती.

बाबांचं करायला दिवसभर एक मावशी यायच्या. साध्या, जरा वेंधळ्या बाई. आम्ही खिडकीशी असतानाच त्यांच्या हातून पाण्याचं घमेलं निसटलं आणि सगळी फरशी ओली झाली. आई तिथूनच म्हणाली, "हात आहेत की नुसते हातमोजे?"

मावशी हसल्या. त्यांना वाटलं, बाई गंमत करतायत. मी आईकडे बघत राहिले. हे वाक्य मी या आधी किती वेळा ऐकलं असेल, पण तिच्या तोंडून कधीच नाही. आईही दचकली होती. तिने फडकं घेतलं, खाली बसली आणि मावशींच्या आधी स्वतःच फरशी पुसायला लागली. पुसता पुसता ती पुटपुटत होती. मला वाटलं, माफी मागतेय. वाकून ऐकलं तर ती तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, अगदी हळू, नवीन शब्द तोंडात बसवून बघावा तसं.

माणसं इतकी वर्षं एकत्र राहिली की एकमेकांची लकब उचलतात. मी असा विचार केला आणि दवाखान्यात गेले.

३

बाबांना बोलणं शिकवायला एक तरुण मुलगी यायची. चित्रं दाखवायची, सूर धरायला लावायची. बरेच दिवस बाबांच्या घशातून नुसता घोगरा आवाज यायचा. त्यांच्या अंगाखाली हवेची गादी होती आणि तिची मोटर दिवसभर घरघरायची. त्या घरघरीतून त्यांचा आवाज वेगळा काढावा लागे.

एका सकाळी मी पोचले तर ती मुलगी दारातच मला सांगायला थांबली होती. बाबा बोलले. तेही पुरं वाक्य. आनंदाने तिचा चेहरा लाल झाला होता. तिची चित्रं जमिनीवर पडली, ती उचलायला वाकली, तेव्हा बाबा म्हणाले होते, "राहू दे, मी करते."

"करते म्हणाले?" मी विचारलं.

ती म्हणाली की हे मनावर घ्यायचं नाही. झटक्यानंतर व्याकरण विस्कटतं. शिवाय त्यांच्या भोवती सगळ्या बायकाच आहेत, कानावर पडतं तेच तोंडात येतं. हळूहळू सुधारेल. तिचं बोलणं शास्त्राला धरून होतं. मी मान डोलावली. पण करते की करतो, हा माझा प्रश्नच नव्हता. माझ्या वडिलांच्या तोंडून जन्मात कधी 'राहू दे' निघालं नव्हतं.

त्याच दुपारी दादाचा फोन आला. दादा, माझा मोठा भाऊ, दुसऱ्या शहरात असतो आणि फोनवरून काळजी करतो. बाबा बोलायला लागले हे ऐकून तो हट्टाला पेटला, त्यांच्याशी बोलायचंच म्हणाला. मी फोन बाबांच्या कानाशी धरला. बाबांनी डोळे मिटले. मग तो आवाज आला. घोगरा होता, पुरुषाचाच होता, पण त्यातलं वळण, शेवटचं अक्षर किंचित उचलून खाली ठेवणं, ते मी कुठेही ओळखलं असतं.

"थांबा हं, जोडून देते."

आई लग्नाआधीपासून निवृत्त होईपर्यंत हॉस्पिटलच्या टेलिफोनवर होती. घाबरलेल्या माणसांना ती हेच सांगायची, दिवसभर.

फोनमधून दादा हसत म्हणाला, "अगं आई, तू कशाला घेतलास, बाबांना दे ना."

आई दारातच उभी होती. हात पुसायचं फडकं तिच्या खांद्यावर होतं. तिची जीभ गालाच्या आत फिरताना दिसली, दातांना टेकत, जागा शोधत.

४

मी शहाणी बाई आहे, असा माझा समज होता. मी बाबांच्या जिभेचे फोटो काढले. भेगा बुजत चालल्या होत्या, काळा थर येईनासा झाला होता, आणि बेटं वाढली होती. आता ती टोकावरून मधोमध सरकली होती. आईलाही तोंड उघडायला लावलं. तिने कुरकुर करत उघडलं, नीट जीभ बाहेर काढली नाही, पण जेवढी दिसली तेवढीचा फोटो घेतला. कॉलेजात तोंडाचे रोग शिकवणाऱ्या माझ्या बाई अजून कधीमधी पेशंट बघतात. त्यांना मी चार फोटो दाखवले, दोन जुने, कॉलेजात असताना अभ्यासासाठी मीच काढलेले, आणि दोन नवे.

बाईंनी ते शांतपणे पाहिले. मग म्हणाल्या, नावं लावताना तुझी गडबड झालीये. नवऱ्याचे बायकोला आणि बायकोचे नवऱ्याला लागलेत. बाकी दोघांनाही काही झालेलं नाही.

मी म्हटलं हो, तसंच झालं असेल. खोटं बोलल्याचं काही वाटलं नाही, कारण त्या क्षणी मला ते खरंच वाटायला हवं होतं.

तोवर आईत फरक पडलाय हे सगळ्यांच्याच लक्षात आलं होतं, आणि गंमत म्हणजे सगळ्यांना तो आवडला होता. जिना न झाडणारा माणूस जिना झाडायला लागला. वरच्या मजल्यावरचं कुटुंब गाडी नीट लावायला लागलं. दादाला तिने फोनवर काय सुनावलं मला माहीत नाही, पण तो त्याच आठवड्यात येऊन गेला आणि जाताना माझ्याजवळ म्हणाला, आई आता चांगली खमकी झालीये, बरं झालं. शेजारच्या काकू तर मला अडवून म्हणाल्या की तुझ्या आईला तोंड आहे हे आम्हाला आत्ता कळलं. फक्त मावशी पहिल्यासारख्या हसत नव्हत्या. एक दिवस त्या माझ्या दवाखान्यात आल्या आणि काम सोडते म्हणाल्या. मी कारण विचारलं. मग म्हणाल्या की बाई मला बोलतात त्याचं काही नाही, मी ऐकून घेईन. पण त्या साहेबांना बोलतात ना, ते बघवत नाही.

त्यांना समजावून परत पाठवलं आणि मागोमाग आईबाबांकडे गेले. आई खिडकीशी बसून बाबांच्या सदऱ्याला बटण लावत होती. सुईत दोरा जाईना म्हणून तिने दोऱ्याचं टोक तोंडात घेतलं, ओलं केलं, जीभ क्षणभर ओठांबाहेर आली. डावी कड उजेडात आली.

तिथे खाच होती.

भेगा वयाने पडतात. थर औषधांनी येतो. चव जाते, परत येते. पण दातांनी तुटून टाक्यांनी जुळवलेल्या मांसाची खूण वयाने येत नाही. ती ज्याच्या जिभेवर पडली त्याच्याच जिभेवर राहते. मी दारातच थांबले होते. आईने दोरा ओवला, गाठ मारली आणि मान वर न करता म्हणाली, "आत ये नाहीतर बाहेर जा. दार अडवून उभी राहू नकोस."

५

मी आत गेले. बाबांची खोली मागच्या बाजूला होती, तिकडून मोटरची घरघर येत होती. मावशी त्यांना पुसून काढत होत्या. मी आईसमोर बसले आणि विचारलं की हे कधीपासून तुला ठाऊक आहे.

तिने नाकारलं नाही. मला वाटलं होतं नाकारेल, घाबरेल, रडेल. त्या सगळ्याची तयारी करून मी समोर बसले होते.

ती सांगायला लागली. झटक्यानंतर बाबांना गोळ्या कुटून द्याव्या लागत. एका दुपारी तिने पूड चमच्यात घेऊन त्यांच्या जिभेवर सोडली. "आणि कडू मला लागलं," आई म्हणाली. "त्यांचं तोंड वाकडं झालं नाही. माझं झालं. मी तोंड धुतलं, साखर खाल्ली, तरी जाईना. दुसऱ्या दिवशी त्यांना भरवलं, तर घास त्यांच्या तोंडात आणि चव माझ्या."

पुढचं तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मग मी म्हटलं की आपण काहीतरी करू. मोठ्या दवाखान्यात जाऊ, बाईंना पुन्हा दाखवू. मीच काय बोलत होते मला कळत नव्हतं. आईने सदरा घडी करून मांडीवर ठेवला.

"मला परत नकोय ती जीभ," ती म्हणाली.

"आई, हे तुझं बोलणं नाहीये. हे बाबांचं बोलणं आहे."

"मग माझं कुठलं होतं? राहू द्या, असू द्या, चुकलं माझं, हे माझं होतं?" तिचा आवाज चढला नव्हता. बाबांचाही चढायचा नाही, हे मला आठवलं. "त्यांनी एकदा मला गाडी शिकवायला घेतली होती. तुला माहीत आहे ती गोष्ट. सगळ्या शहराला माहीत आहे, दर नव्या तुकडीला सांगायचे ते. चौकात मी गाडीतून उतरले आणि चालत घरी आले. लोक हसायचे. त्या दिवशी गाडीत ते मला काय म्हणाले ते कुणाला सांगितलं नाही त्यांनी. मी पण नाही. चौकापासून घरापर्यंत माझ्या तोंडात उत्तर होतं. दारात आल्यावर गिळून टाकलं. तेव्हापासून गिळतेच आहे. आत्ता कुठे काहीतरी बाहेर पडतंय, तर तू मला दवाखान्यात नेतेस."

मला तिचा राग यायला हवा होता, किंवा कीव. दोन्ही आलं नाही. ती बोलत होती त्यात खोटं काही नव्हतं. फक्त बोलताना तिच्या दातांमागे जे हलत होतं ते काळं होतं.

"आणि बाबा?" मी विचारलं.

"त्यांचं काय? मऊ बोलतात आता. तुला आवडतं की." ती उठली. "मघापासून तुझं सगळं लक्ष त्या खोलीकडे आहे."

६

ते खरं होतं. मला आवडत होतं.

बाबा आता बरंच बोलायचे. शब्द कमी, पण एकेक जागच्या जागी. मी गॉझ काढून घेतला की विचारायचे, "ठके, जेवलीस?" ठकी हे माझं लाडकं नाव, आणि त्या नावाने हाक मारणारं माणूस जगात एकच होतं. बाबा मला डॉक्टरीणबाई म्हणायचे, तेही नाक मुरडून. आता त्यांचा चांगला, डावा हात माझ्या मनगटावर यायचा, अंगठा नाडीवरून फिरायचा, आई मला ताप आला की करायची तसा. मी त्यांच्याजवळ बसायला लागले. सकाळी लवकर जायचे, दुपारी जेवायच्या सुट्टीत पुन्हा जायचे. माझ्या संसारातल्या चार गोष्टी, ज्या मी आईजवळ बोलायचे आणि हल्ली बोलू शकत नव्हते, त्या मी वडिलांना सांगत होते. ते ऐकायचे. सगळं ऐकून झालं की म्हणायचे, "होईल गं सगळं नीट."

आई येऊन जायची. चादर ओढताना, औषध देताना ती त्यांना बोलायची. इथे ते लिहीत नाही. नवं त्यात एकही नव्हतं. सगळं मी लहानपणी भिंतीपलीकडून ऐकलेलं. बाबा तोंड उघडं ठेवून ऐकून घ्यायचे आणि ती गेली की मलाच समजवायचे, "असू दे गं. दमलीये ती."

एका दुपारी मावशी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. आई स्वयंपाकघरात होती, भांड्यांचा आवाज येत होता. मी दार लोटलं. बाबांच्या चेहऱ्याजवळ वाकले. दाढी वाढलेली, डोळ्यांच्या कडा लाल, ओठांचा उजवा कोपरा खाली ओघळलेला. माझ्या वडिलांचा चेहरा. त्यात दुसऱ्या कुणाला जागा नव्हती. आपण काय करतोय असं मनात येत असतानाच मी विचारलं.

"आई?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वळवली, पण माझ्याकडे नाही. दाराकडे. स्वयंपाकघरातला आवाज थांबला होता. त्यांचे डोळे मोठे झाले आणि चांगल्या हाताने त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं, इतकं की दुखलं. ओठ माझ्या कानाशी आले. श्वासाला औषधांचा वास होता.

"हळू बोल," ते कुजबुजले. "ते ऐकतील."

आमच्या घरात 'ते' एकच होते. हे वाक्य मी या आधीही ऐकलं होतं, त्याच सुरात, त्याच भीतीने, पांघरुणाखाली, भिंतीशी, दाराआड. मी हात सोडवून घेतला नाही. तेवढंच मला जमलं.

दार उघडलं. आई उभी होती. तिने आम्हा दोघांकडे पाहिलं, आणि मला एकच क्षण असं वाटलं की ती माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे हेव्याने बघतेय. मग तिने माझ्या हातावरून त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

"पेशंट खोळंबले असतील तुझे," ती म्हणाली.

७

दुसरा झटका काही दिवसांनीच आला, दुपारी, उन्हं खिडकीतून गादीवर आलेली असताना. गल्लीतले डॉक्टर आले, तपासलं, आता हलवण्यात अर्थ नाही म्हणाले. दादाला कळवलं. तो निघाला होता. बाबांचा श्वास मोठा आणि लांब झाला होता. तोंड उघडं होतं. मी सवयीने गॉझ घेऊन पुढे झाले. आईने माझ्या हातातून तो काढून घेतला आणि आम्हा सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. डॉक्टरांनाही. तिच्या सांगण्यात असं काही होतं की डॉक्टर मुकाट्याने उठले.

आम्ही बोळात उभे राहिलो. डॉक्टर, मावशी आणि मी. दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. मावशींनी माझा दंड धरला.

मोटरची घरघर येत होती. तिच्या आतून बोलणं ऐकू यायला लागलं. पहिला आवाज आईचा, सपाट, शब्द कळत नव्हते. मग दुसरा. त्याला घोगरेपणा नव्हता आता. डॉक्टरांनी चमकून दाराकडे पाहिलं, कारण आत आणखी कोण बाई आहे हे त्यांना कळेना.

"द्या ना," तो आवाज म्हणत होता. "शेवटचं. एकदा द्या."

आई काहीतरी म्हणाली. पुन्हा तो आवाज, आता आणखी हळू, विनवणी केल्यासारखा. मी दाराला कान लावला. लाकूड उन्हाने गरम झालं होतं. आईचं उत्तर मात्र मला स्वच्छ ऐकू आलं.

"आता कशाला हवी तुला?"

त्यानंतर काही नाही. आत पाऊल वाजलं. काहीतरी ओलसर, बारीक आवाज झाला, चमचा तोंडातून काढताना होतो तसा. मग नुसती मोटर. मी दार वाजवलं. हाका मारल्या, कुणाला मारल्या ते मला माहीत नाही, आई म्हणूनच मारल्या. डॉक्टर मला मागे ओढत होते.

मोटर बंद झाली. आतून कुणीतरी ती बंद केली होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा घर इतकं शांत झालं की रस्त्यावरची रहदारी आत आली.

कडी निघाली. आई दारात आली. केस नीट होते, पदर नीट होता. ओठ घट्ट मिटलेले. तिच्या मागे गादीवर ऊन पडलेलं दिसत होतं आणि उशीवर तो चेहरा, भिंतीकडे वळवलेला. जबडा रुमालाने बांधून टाकला होता. माझ्यासारखीने उघडून बघू नये म्हणून, असं मला तेव्हा वाटलं. मी पुढे गेलेही नाही.

आईने माझ्याकडे पाहिलं. कोण आहे हे आठवून बघावं तसं.

"गेली," ती म्हणाली.

डॉक्टर हलक्या आवाजात मला म्हणाले की धक्का बसलाय त्यांना, शब्द इकडचे तिकडे होतात. त्यांच्याजवळ थांबा. आणि ते आत गेले. आई माझ्या बाजूने बोळातून पुढच्या खोलीत गेली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तिने मावशींना चहा टाकायला सांगितला.

दादा संध्याकाळी पोचला. तोवर घर भरलं होतं. बाबांचे जुने विद्यार्थी आले होते, त्यांची वाक्यं आठवून डोळे पुसत हसत होते. एखाद्याचं वाक्य अर्धवट राहिलं की पुढच्या खोलीतून आई ते पुरं करायची, आणि सगळे म्हणायचे, अगदी सरांसारखं. तिच्या भोवती माणसं जमली होती. तिला धीर द्यायला आलेले तिचंच बोलणं ऐकत बसले होते.

मी मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. मला आवरत नव्हतं. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी रडत होते मी. शेजारच्या काकूंनी पाठीवरून हात फिरवला आणि दुसऱ्या बाईला सांगितलं, मी ऐकलं ते, की हिचा वडिलांवर फार जीव होता.